घरबसल्या दूरचा प्रवास

विरारजवळ भर समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला उभा आहे. तेथे होडीनेच जावे लागते. मग ज्याला अंथरुणावरून उठताही येत नाही, त्याला तो कसा पाहता येईल? आभासी वास्तव या तंत्राने हे साधते.

आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निरनिराळी दिसते. मेंदू ही दोन्ही चित्रे जुळवितो. त्यामुळे वस्तू जवळ आहे की दूर, हे आपणांस कळते. आता किल्ल्याची चित्रे सर्व बाजूंनी टिपून घेतली आहेत, अशी कल्पना करा. डोळ्यांवर बांधावयाचे एक यंत्र प्रत्येक डोळ्यापुढे वेगळे चित्र धरते. मान वळविली, की चित्रही त्या दिशेचे दिसू लागते. आपण जणू तटावरच उभे आहोत, असा भास होतो!

परंतु ही चित्रे आधी टिपलेली असतात. यंत्रमानव मात्र त्या क्षणीचे दृश्य दाखवितो आणि आपल्या आज्ञेने तेथे फिरतो. २०२० साली करोनाच्या साथीत टोकियोतील एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांऐवजी झगे घातलेले यंत्रमानव व्यासपीठावर गेले. त्यांच्या पडद्यांवर घरी बसलेल्या विद्यार्थ्यांचे चेहरे होते. त्याच वर्षी मुंबईत पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत विद्यार्थ्यांच्या आभासी प्रतिमांनी पदव्या स्वीकारल्या.

अर्थात, खारा वारा आणि होडीचे हेलकावे या प्रवासात लाभत नाहीत. ज्याला शक्य असेल, त्याने अर्नाळ्यास होडीनेच जावे. परंतु ज्याला घराचा उंबरठाही ओलांडता येत नाही, त्याला हे तंत्र जगाचे दार उघडून देते.