टसरच्या पतंगाचे रूप व रूपभेद

निसर्गनिरीक्षणाच्या तासाला फळ्यावर पतंगाचे एकच चित्र काढून पाठ संपविण्याचा प्रघात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शाळांत टसरच्या पतंगाविषयी असे करणे इष्ट नाही. बियाण्यासाठी टांगलेल्या कोषांच्या एकाच माळेतून तांबूस, पिवळे व करडे पतंग बाहेर पडतात, आणि या निरनिराळ्या जाती असाव्यात असा मुलांचा समज होतो. वस्तुतः ही सर्व एकाच जातीची रूपे होत. शास्त्रात या जातीस अँथेरिया मायलिटा म्हणतात.

नर बहुधा तांबूस-तपकिरी असतो. मादी आकाराने मोठी असून तिचा रंग पिवळा किंवा करडा असतो. परंतु केवळ रंगावरून निर्णय करू नये. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद व पोट बारीक असते. मादीच्या मिशा अरुंद व पोट अंड्यांनी फुगलेले असते. रात्रीच्या अंधारात मादीचा गंध नराला लांबून ओळखावा लागतो, म्हणून त्याच्या मिशांना हा विस्तार लाभला आहे. चारही पंखांवर मध्यभागी काचेसारखा पारदर्शक असणारा एकेक डोळ्यासारखा ठिपका मात्र दोघांतही आढळतो.

रूपभेद केवळ पतंगापुरता नाही. अळ्या बहुतेक हिरव्या असल्या तरी क्वचित पिवळ्या वा निळसरही निपजतात. कोषही काही करडे, तर काही पिवळे असतात. एका आईची लेकरे सारख्याच वर्णाची नसतात, हा घरचा दाखला मुलांना सहज पटेल.

निरीक्षण करताना पंखांना हात लावू देऊ नये. त्यांवरील खवले झडतात. पतंगाची तोंडाची इंद्रिये अविकसित असल्याने तो काही खात नाही व जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्या अवधीत मादी सुमारे दोनशे अंडी घालते. यास्तव ऐन किंवा अर्जुनाच्या झाडावरील कोष तोडून शाळेत आणण्यास मुलांना मनाई करावी. तो कोष कोणा कुटुंबाचे पुढील हंगामाचे बियाणे असू शकतो. शिक्षकांनी मुलांनाच कोषपालकाच्या अंगणात न्यावे, त्याच्या अनुमतीने माळ दाखवावी, आणि प्रत्येक मुलाने पाहिलेल्या पतंगाचा रंग, मिशा व पोट यांची नोंद वहीत करून घ्यावी. नोंदी परस्परांशी जुळल्या नाहीत तर त्या खोडू नयेत. त्या भिन्न का आल्या, याचा विचार करावयास लावणे हाच या पाठाचा हेतू होय.