संघ द्यावा तो कोणत्या शहराला?

अमेरिकेतील 'मेजर लीग सॉकर' ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा १९९६ साली १० संघांनिशी सुरू झाली. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या प्रवेशाने संघांची संख्या ३० वर गेली. या प्रवेशाचे मोल ५० कोटी डॉलर. मैदान उभारावयाचे तर भांडवल हवेच. परंतु नव्या शहरांची निवड केवळ थैलीच्या वजनावर करणे धोक्याचे ठरेल.

'नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग'ने १९७८ साली संघांची संख्या २४ वर नेली आणि १९८४ च्या हंगामानंतर गाशा गुंडाळला. 'मेजर लीग'लाही २००१ च्या हंगामानंतर मायामी व टॅम्पा येथील संघ बंद करावे लागले. याउलट, कोलंबसचा संघ ऑस्टिनला हलविण्याचा बेत २०१८ साली बारगळला, त्यात स्थानिक प्रेक्षकांच्या चिकाटीचा वाटा मोठा होता.

या कसोटीवर सॅक्रामेंटोचा हक्क पहिला. २०१९ मध्ये या शहराला संघ मंजूर झाला. परंतु २०२१ मध्ये प्रमुख गुंतवणूकदाराने माघार घेतली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. तरीही तेथील दुसऱ्या श्रेणीच्या संघाने २०२२ साली 'यू. एस. ओपन कप'ची अंतिम फेरी गाठली. लीगच्या चालकांनी धनिकाचा शोध अवश्य घ्यावा. मात्र तो शहर ठरल्यानंतर.