कुकरच्या शिट्टीआधी

आमच्या घरी कुकरची शिट्टी म्हणजे संकट. शिट्टी झाली की आमचा अकरा वर्षांचा मुलगा कान दाबून किंचाळतो, भिंतीवर डोके आपटतो. उल्हासनगर कॅम्प चारमधली जुन्या बरॅकीतली आमची खोली; भिंतीपलीकडे जीन्स शिवणारी मशिने दिवसभर चालू. मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. आपल्या कानांना सवयीचे झालेले आवाज त्याला सुईसारखे टोचतात.

गेल्या गणपतीत बाहेर ढोल, आत त्याचा आक्रोश, आणि माझा हात उठला. तो रडला नाही. गाल चोळत एकाच सुरात म्हणत राहिला, "आई मारते. आई मारते." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आईलाच दोष देण्याची रीत जुनी आहे. १९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत या अवस्थेचे वर्णन केले. पुढे तिथेही आईच्या थंडपणाला बोल लावला गेला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते पुस्तक लिहून खोडून काढले. तरी लग्नाकार्यात मला अजून विचारतात, "वहिनी, तेव्हा तुम्ही नोकरी करत होतात ना?"

मुलाच्या थेरपीच्या बाईंनी एकदा विचारले, "त्याचे सगळे सांगितलेत. तुमचे काय?" आणि श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवू लागल्या. मनात म्हटले, घरात वणवा आणि या म्हणतात श्वास बघा! इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात, हे ऐकून होते. दहा दिवस! मला निवांत दहा मिनिटे मिळत नाहीत.

पण त्यांनी एक अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. स्वमग्न व इतर अपंग मुलांच्या २४३ आया, आणि शिकवणाऱ्याही अशाच मुलांच्या आया. सहा आठवड्यांत त्यांची चिंता, उदासी कमी झाली, झोप सुधारली. शिकवणारी आपल्यातलीच, हे मला पटले.

आधीच सांगते, माझ्या श्वासाने मुलगा शांत होत नाही. तो किंचाळू लागला की मी तळपायांना गार लादी लागतेय का ते बघते आणि तीन श्वास सावकाश सोडते. हात उठायच्या आत तेवढी फट मिळते. त्या फटीतच एक दिवस दिसले, की शिट्टीच्या आधीच तो गॅसकडे टक लावून घाबरलेला असतो. आता कुकर लावण्यापूर्वी त्याला सांगते. तो शेजारच्या सिंधी अम्मांकडे जाऊन बसतो. त्या त्याला काही विचारत नाहीत, हे फार मोठे.

श्वासावर सगळे भागत नाही म्हणा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण प्रमाणपत्रासाठी रांगेत उभे राहावेच लागते.

परवा सांगायला विसरले. शिट्टी झाली, तो किंचाळला. मी लादीवर उभी राहिले. एकदा नव्हे, चारदा तीन-तीन श्वास. वीस मिनिटांनी तो जवळ येऊन बसला. वरण करपले होते. तेच दोघांनी खाल्ले.