धरणाकाठचा इतिहासाचा तास

सकाळी ७. पौडला चहा घेता घेता टाचणवही उघडते. आठवीला आज असहकार चळवळ. १९२० चं नागपूर अधिवेशन, शाळा-कोर्टांवरचा बहिष्कार, १९२२ मधलं चौरीचौरा, चळवळीची स्थगिती. पुस्तकात सगळा देश मावायचा, तर मुळशीच्या वाट्याला जागा थोडीच येणार. पण आमच्या वर्गाच्या खिडकीतून मुळशी धरणाचं जे पाणी दिसतं ते याच वर्षांचं आहे. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धडा मी पुढे सरकवत नाही.

सकाळी ९:३०. ताम्हिणीकडे जाणाऱ्या एसटीत पावसाचं पाणी आत येतं. खाचरांतलं भात निसवायला आलंय. आवणीच्या दिवसांत रिकामे राहणारे बाक आता भरलेत. कातकरी वाडीवरची मुलं चालत येतात, भिजलेलं दप्तर छातीशी धरून.

सकाळी ११. परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष. १६ एप्रिल आमच्याकडे परीक्षेच्या धांदलीत येतो, त्यामुळे मुळशी सत्याग्रहाचा दिनविशेष घाईत वाचून होतो. याची मला दरवर्षी चुटपुट लागते.

दुपारी १२. आठवीचा तास. फळ्यावर आधी नदी काढते. मुळा पूर्वेला वाहते, भीमेला मिळते. धरणानं अडवलेलं तिचं पाणी मात्र बोगद्यातून पश्चिमेला जातं, सह्याद्री उतरून सुमारे ५०० मीटर खाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला पडतं. तिथे वीज होते, आणि पाणी कुंडलिकेतून समुद्राला मिळतं. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ साली सुरू झालं. वीज मुंबईसाठी, गिरण्यांसाठी. बुडालेली भातशेती मावळ्यांची.

मग माणसं येतात. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून परतले. त्यांना सेनापती ही पदवी मिळाली ती इथल्या लढ्यात. बरोबर विनायकराव भुस्कुटे. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, धरपकड झाली, बायकाही तुरुंगात गेल्या. १९२४ मध्ये बापटांनी रेल्वे अडवली, आणि सुटले ते थेट १९३१ मध्ये.

एवढं मुलं मन लावून ऐकतात. खरी कसोटी पुढे असते. धरण बांधणारी कंपनी टाटांची, म्हणजे देशी. ज्या वर्षी विलायती कापडाच्या होळ्या पेटत होत्या, त्याच वर्षी देशी भांडवलाच्या प्रकल्पासाठी इंग्रज सरकार १८९४ चा भूसंपादन कायदा वापरून मावळ्यांची जमीन घेत होतं. स्वदेशी उद्योग देशाला हवाच होता. मग मावळे देशाच्या आड आले का?

मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, मावळे म्हंजी देश न्हाई का?”

फळ्यावर लिहिते ते हे वाक्य. गांधीजी विरुद्ध इंग्रज एवढ्यावर मुलांचा इतिहास थांबला, तर स्वराज्य कुणाचं हा प्रश्न त्यांना कधी पडणारच नाही. तो १९२१ मध्ये याच खोऱ्यात पडला होता. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. हे ऐकून वर्ग ताठ बसतो. बसू दे. या पोरांना असं ताठ बसायला फार कमी वेळा मिळतं.

दुपारी २. मधली सुट्टी, पोषण आहाराची खिचडी, ऑनलाइन माहिती भरणं.

दुपारी ३. दहावी. इतिहास-राज्यशास्त्राचे लेखी गुण ४०, आणि पालकांना तेवढेच दिसतात. पण ‘उपयोजित इतिहास’ हा धडा मला फार प्रिय आहे, कारण तो मुलांना साधनांकडे पाठवतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, सांगतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, घरात जुना सात-बारा किंवा फेरफार असेल तर वाचून या, असं सांगते. एकाची आजी ओव्यांमधून बुडालेल्या गावांची नावं सांगते. दुसऱ्याच्या घरी कागदच नाही, पणजोबा कुळ होते. पुण्याच्या सावकारांच्या नावावरच्या जमिनी कसणारे असे अनेक होते. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याचं नुकसान इतिहासाच्या साधनांत शोधायचं कसं, यावर तास संपेपर्यंत वाद चालतो. घंटा झाली तरी कुणी उठत नाही.

रात्री ९. वह्या तपासते. आठवीतल्या एकीनं नेमून दिलेल्या प्रश्नाखाली आपला प्रश्न जोडलाय: भरपाई मालकाला मिळाली, तर कसणाऱ्याला काय मिळालं? उद्याच्या टाचणात तोच पहिला घेतलाय, आणि ज्याचे पणजोबा कुळ होते त्या दहावीच्या मुलाला आठवीच्या तासाला बोलावलंय.