दोन वेळचं जेवण आणि चारचा चहा

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आहार नव्यानं सुरू करताय? मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत. नोकरदारांनी सकाळी पोटभर जेवूनच घर सोडावं. मीटिंग लांबली तरी चिंता नाही.

खरी कसोटी चारच्या चहाची! टेबलावर दूध-साखरेचा कप येतो, सोबत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. तेव्हा कोरा बिनसाखरेचा चहा घ्या, नाहीतर घरून आणलेलं पातळ ताक. आठवड्याभरात सहकारीही आग्रह सोडतात.

४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही यातच येतं. ते सकाळीच उरका.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते.