विश्लेषण : ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे सॉफ्टवेअरच नाही, असे नव्हे! लिनक्सच्या या संदेशाचा अर्थ काय? उपाय कोणते?

अभियांत्रिकी, बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्राला प्रवेश घेतल्यावर अनेक विद्यार्थी प्रथमच लिनक्स हाताळतात. कुणी लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू बसवतो, कुणी विंडोजमधूनच ‘डब्ल्यूएसएल’द्वारे लिनक्स वापरतो. पायथॉन, जावा, नोड किंवा गो बसवण्याच्या सूचना पाहून कमांड दिल्या जातात, सगळे सुरळीत पार पडल्यासारखे वाटते आणि पुढच्याच ओळीत उत्तर येते, ‘कमांड नॉट फाउंड’. मग तेच सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवले जाते, इंटरनेटवर सापडेल ती कमांड ‘सुडो’ लावून चालवली जाते आणि शेवटी संपूर्ण लिनक्सच पुसून नव्याने टाकले जाते. त्यात कधी कधी सबमिशनच्या फायलीही जातात. प्रत्यक्षात हा दोष बहुतेक वेळा पाच मिनिटांत दूर होण्यासारखा असतो. त्यासाठी संदेश नेमके काय सांगतो, हे समजून घ्यायला हवे.

(या लेखात कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांतच लिहाव्यात. ‘पाथ’ हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत लिहावे.)

संदेशाचा नेमका अर्थ काय?

टर्मिनलमध्ये आपण जे लिहितो ते वाचणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ म्हणतात. बहुतेक लिनक्समध्ये हा शेल ‘बॅश’ असतो. जीएनयू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी तो लिहिला आणि १९८९ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला. ओळीतला पहिला शब्द म्हणजे कमांडचे नाव, असे शेल समजतो. ते नाव त्याच्या स्वतःच्या अंगभूत कमांडमध्ये नसेल, तर तो ठरावीक फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल शोधतो. कुठेच सापडली नाही, तर ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून थांबतो.

म्हणजे ‘हे सॉफ्टवेअर संगणकावर नाही’ असे शेल म्हणतच नाही. ‘मला सांगितलेल्या जागांवर या नावाचे काही मिळाले नाही’ एवढेच त्याचे म्हणणे असते. कार्यालयातल्या शिपायाला फाइल आणायला सांगितले आणि चार कपाटांची यादी हातात दिली, तर तो पाचवे कपाट उघडणार नाही. फाइल तिथेच असली तरी ‘मिळाली नाही’ हेच उत्तर येईल.

ही यादी कुठे असते?

या यादीचे नाव ‘पाथ’. ‘इको $पाथ’ अशी कमांड दिली की ती पडद्यावर दिसते. विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळी केलेली फोल्डरची नावे त्यात असतात. उदाहरणार्थ /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन. शेल ही यादी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि पहिली जुळणारी फाइल चालवतो. त्यामुळे एकाच टूलच्या दोन आवृत्त्या असतील, तर कोणती चालणार हेही यादीतील क्रमावर ठरते.

आपण सध्या ज्या फोल्डरमध्ये आहोत, ते या यादीत नसते. म्हणूनच सी प्रोग्राम कंपाइल केल्यावर नुसते ‘ए.आउट’ लिहिले तर तो सापडत नाही. ‘./ए.आउट’ असे लिहावे लागते. हे मुद्दाम केलेले आहे. नाहीतर कुणीही डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ नावाची घातक फाइल ठेवली, तर नेहमीच्या कमांडऐवजी तीच चालण्याचा धोका राहिला असता.

सर्वात आधी काय तपासावे?

आधी स्वतःचे टायपिंग. लिनक्समध्ये लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानले जाते. ‘जावा’चे पहिले अक्षर मोठे पडले तरी कमांड सापडत नाही. सूचनांमध्ये ओळीच्या सुरुवातीला असलेले $ हे चिन्ह केवळ ‘येथे कमांड लिहा’ हे दाखवण्यासाठी असते. तेही कॉपी झाले, तर $ नावाची कमांड सापडली नाही, असा संदेश येतो. पीडीएफ किंवा चॅटमधून कॉपी करताना कधी कधी साध्या मोकळ्या जागेऐवजी वेगळेच अदृश्य चिन्ह येते. ओळ बरोबर दिसूनही चालत नसेल, तर ती हाताने पुन्हा लिहून पाहावी.

शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचे दोन ठरलेले घोटाळे आहेत. ‘क्ष = ५’ असे बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडून लिहिले, की शेल ‘क्ष’लाच कमांड समजतो. दुसरे म्हणजे विंडोजमधील एडिटरमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्समध्ये चालवणे. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह टाकते आणि शेल त्यालाही कमांडचा भाग मानतो. ‘डॉसटूयुनिक्स’ हे छोटे टूल ती चिन्हे काढून टाकते.

टूल खरेच बसलेले नाही, हे कसे ओळखावे?

‘कमांड -व्ही’ आणि पुढे टूलचे नाव लिहावे. टूल सापडत असेल तर त्याची जागा दिसते, नसेल तर काहीच दिसत नाही. उबुंटूमध्ये अनेकदा संदेशाखालीच कोणते पॅकेज बसवावे, ते लिहिलेले असते. घाईत ती ओळ वाचलीच जात नाही.

कमांडचे नाव आणि पॅकेजचे नाव वेगळे असू शकते, हे इथे लक्षात ठेवावे. उबुंटू आणि डेबियनवर ‘जीसीसी’, ‘जी++’ आणि ‘मेक’ या तिन्हींसाठी ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एकच पॅकेज पुरते. जावाच्या बाबतीत वेगळाच पेच असतो. ‘जावा’ ही कमांड चालते, पण ‘जावासी’ सापडत नाही. कारण केवळ प्रोग्राम चालवणारे ‘जेआरई’ बसवलेले असते; कंपायलर ‘जेडीके’मध्ये असतो. तेव्हा ‘डीफॉल्ट-जेडीके’ हे पॅकेज बसवावे लागते. सूचना कोणत्या लिनक्ससाठी आहेत, हेही पाहावे. ‘एपीटी’ उबुंटू-डेबियनवर चालते, फेडोरावर ‘डीएनएफ’ लागते, तर आर्च लिनक्सवर ‘पॅकमॅन’.

पायथॉनबाबत गोंधळ का होतो?

पायथॉन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर एप्रिल २०२० मध्ये आलेल्या उबुंटू २०.०४ पासून ‘पायथॉन’ ही कमांड आपोआप मिळत नाही. ‘पायथॉन३’ असे लिहावे लागते. जुनी पुस्तके आणि व्हिडीओ मात्र अजून ‘पायथॉन’च लिहायला सांगतात. ‘पायथॉन-इज-पायथॉन३’ नावाचे छोटे पॅकेज बसवले, की जुने नावही चालू लागते.

पुढची अडचण ‘पिप’ची. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून ‘पिप’ने थेट सिस्टीममध्ये काही बसवायला गेल्यास नकार मिळतो. लिनक्सची स्वतःची अनेक कामे पायथॉनवर चालतात आणि त्यांच्या लायब्ररींची आवृत्ती बाहेरून बदलली तर ती कोलमडू शकतात, हे त्यामागचे कारण. प्रत्येक प्रोजेक्टसाठी ‘पायथॉन३ -एम व्हेन्व्ह’ने स्वतंत्र वातावरण तयार करणे, हा योग्य मार्ग. त्यासाठी ‘पायथॉन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज लागते. हे वातावरण सुरू केले, की त्याचे ‘बिन’ फोल्डर पाथच्या यादीत सर्वात पुढे जाते. टर्मिनल बंद करून नवे उघडले, की ते पुन्हा सुरू करावे लागते. ‘काल चालत होते, आज सापडत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच असते.

टूल बसवले, तरी सापडत का नाही?

कारण ते यादीबाहेरच्या फोल्डरमध्ये बसलेले असते. गो भाषेची अधिकृत फाइल उघडून बसवली, की तिच्या कमांड /यूएसआर/लोकल/गो/बिन येथे जातात. रस्टची टूल्स होम फोल्डरमधील ‘.कार्गो/बिन’मध्ये आणि ‘पिप’ने एका वापरकर्त्यापुरती बसवलेली टूल्स ‘.लोकल/बिन’मध्ये असतात. यातील ‘.लोकल/बिन’ हे फोल्डर अस्तित्वात असेल, तरच उबुंटू लॉगिनच्या वेळी ते यादीत घेते. त्यामुळे पहिल्यांदा ते तयार झाल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केले तरी काम होते.

इतर वेळी होम फोल्डरमधील ‘.बॅशआरसी’ या फाइलच्या शेवटी एक ओळ लिहावी : ‘एक्स्पोर्ट पाथ="$पाथ:/यूएसआर/लोकल/गो/बिन"’. म्हणजे, ‘आधीची यादी ठेव आणि तिच्या शेवटी हे फोल्डर जोड.’ त्यानंतर नवे टर्मिनल उघडावे किंवा ‘सोर्स’ कमांडने ती फाइल पुन्हा वाचायला लावावी. आधीपासून उघडे असलेले टर्मिनल जुनीच यादी वापरत राहते. ‘एनव्हीएम’ बसवल्यावर लगेच ते सापडत नाही, त्यामागेही हेच कारण असते.

कधी नावच वेगळे निघते. नोड हे त्याचे गाजलेले उदाहरण. डेबियन आणि उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत त्याची कमांड ‘नोडजेएस’ होती, कारण ‘नोड’ हे नाव हौशी रेडिओचालकांच्या एका प्रोग्रामने आधीच घेतलेले होते. आता ‘नोड’ चालते, पण जुन्या सूचनांमध्ये दोन्ही नावे आढळतात.

‘सुडो’ लावल्यावर सापडणारी कमांड गायब का होते?

‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकारात कमांड चालवणे. डेबियन आणि उबुंटूवर ‘सुडो’ आपली यादी वापरत नाही. सुरक्षेसाठी त्याची वेगळी, ठरलेली यादी असते. होम फोल्डरमधील नोड किंवा कार्गो त्या यादीत नसते. अशा वेळी यादीशी झटापट करण्यापेक्षा इथे ‘सुडो’ची गरज आहे का, हा प्रश्न विचारावा. होम फोल्डरमध्ये बसवलेल्या टूलला ती बहुधा नसते.

डेबियन १० पासून उलटा अनुभवही येतो. ‘एसयू’ने प्रशासक झाल्यावर ‘यूझरमॉड’सारखी कमांड सापडत नाही. तिथे ‘एसयू’पुढे जागा सोडून एक आडवी रेघ दिली, की प्रशासकाची पूर्ण यादी मिळते.

‘एलएस’सुद्धा सापडेनासे झाले तर?

सर्वात घाबरवणारा प्रसंग हा. ‘.बॅशआरसी’मध्ये ओळ लिहिताना ‘$पाथ’ लिहायचे राहिले, तर जुनी यादी जाते आणि फक्त नवे फोल्डर उरते. मग ‘एलएस’, ‘नॅनो’, ‘सुडो’ काहीच सापडत नाही. पण एकही फाइल गेलेली नसते. शेलच्या अंगभूत असलेल्या ‘सीडी’ आणि ‘इको’ चालत राहतात, ही त्याची खूण.

त्याच टर्मिनलमध्ये ‘एक्स्पोर्ट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन’ लिहिले, की नेहमीच्या कमांड परत येतात. मग ‘नॅनो’ने ‘.बॅशआरसी’ उघडून चुकलेली ओळ दुरुस्त करावी आणि नवे टर्मिनल उघडावे. लिनक्स नव्याने टाकण्याची काहीही गरज नसते.

कोणते ‘उपाय’ टाळावेत?

‘पिप’च्या नकारावर सक्ती करणारा एक पर्याय आहे. ‘सिस्टीमची पॅकेजेस मोडा’ असाच त्याच्या नावाचा अर्थ होतो. त्यातच इशारा आला. इंटरनेटवरून स्क्रिप्ट घेऊन ती न वाचता थेट ‘सुडो’कडे सोपवणारी ओळ चालवू नये. फायलींना सरसकट ‘७७७’ परवानगी देण्याचा सल्लाही इथे गैरलागू आहे. फाइल सापडली पण चालवण्याची परवानगी नसेल, तर संदेशच वेगळा येतो, ‘परमिशन डिनाइड’. शेल या दोन दोषांसाठी वेगवेगळे क्रमांकही नोंदवतो. कमांड न सापडल्यास १२७ आणि सापडूनही चालवता न आल्यास १२६. लगेच ‘इको $?’ लिहिले, की हा क्रमांक दिसतो.

मदत कशी मागावी?

‘चालत नाही’ एवढ्यावरून शिक्षक किंवा सिनियरही काही सांगू शकत नाहीत. दिलेली पूर्ण कमांड, आलेला पूर्ण संदेश, ‘इको $पाथ’चे उत्तर आणि लिनक्सची आवृत्ती या चार गोष्टी दिल्या, तर बहुतेक वेळा दोष तिथल्या तिथे दिसतो. अनेकदा या चार गोष्टी एकत्र करतानाच तो आपल्याला स्वतःलाच सापडतो. लिनक्स पायरीपायरीने मराठीतून शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे व्हिडीओ मोफत उपलब्ध आहेत.