वखारीतील बिनतारी जाळे व त्याची देखरेख

आमच्या बुऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा बंधूंस ठाऊक आहेच. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळी बांधलेल्या या भूमिगत जलवाहिनीवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. पाणी एका कुंडीत दिसावे व पुढील कुंडीत दिसू नये, तर अडथळा त्या दोहोंमध्येच असला पाहिजे. बिनतारी जाळ्यातील बिघाडही याच रीतीने शोधावा लागतो, हे मला गव्हाच्या हंगामात कळले. परंतु एका प्रामाणिक माणसावर संशय घेतल्यानंतर कळले, याची खंत वाटते.

आमच्या वखारीतील विजेच्या काट्यावरचे वजन वाय-फायने पेढीवरील संगणकात येते. एके सायंकाळी हमालांच्या गणतीने पोती उतरली २१२, संगणकात मात्र २०१. ११ पोती वहीबाहेर ठेवण्यात मापाड्याचाच हात असावा, असे मनात येऊन मी त्यास चार लोकांसमक्ष बोललो. तो बापडा निमूटपणे गेला व दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

मग तंत्रज्ञास बोलाविले. वखारीत लहरी पसरविणारी तीन यंत्रे असून ती एकाच नियंत्रकाच्या अधीन आहेत. कोणते उपकरण केव्हा जोडले गेले, केव्हा सुटले, याचे टिपण हा नियंत्रक आपोआप ठेवतो. रोजमेळ नित्य तपासणाऱ्या आम्ही ते टिपण वर्षभरात एकदाही उघडले नव्हते! काटा दुपारी ३ वाजून १० मिनिटांपासून २५ मिनिटे तुटला होता, अशी त्यात स्पष्ट नोंद निघाली. सकाळी संदेशाचे बळ उणे ५८ डीबीएम, दुपारी उणे ८१. दर १० अंकांमागे बळ एकदशांश होते. म्हणजे सुमारे दोनशेवा भागच उरला. पाहू गेलो तो काट्यासमोर गव्हाची थप्पी आढ्याला भिडलेली! धान्यातील ओलावा या लहरी शोषून घेतो. शिवाय आपल्या देशात २००५ पासून परवानामुक्त असलेल्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परस्परांवर न चढणारे मार्ग १, ६ व ११ असे तीनच. आणि शेजाऱ्यांची यंत्रे व आमचे यंत्र, सारी ६ वरच.

यंत्र थप्प्यांमधील वाटेवर तुळईस टांगले व मार्ग ११ केला. आता मुनीमजी दिवाबत्तीच्या वेळी टिपण पाहतात. बळ उणे ७० च्या खाली गेले की मला सांगतात.

मापाड्याच्या घरी मी स्वतः गेलो. चौथ्या दिवशी तो परतला. तेव्हापासून प्रत्येक पोत्याचे वजन तो आपल्या चोपडीतही लिहून ठेवतो, व मी त्यास अडवीत नाही.